लोखंड गार लागते, लाकूड लागत नाही. तापमापी मात्र दोन्हीकडे तेच सांगते. मुलांना कसे समजवावे?

पाटीपेन्सिल

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात उष्णतेचे वहन शिकवत असताना एका मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

सकाळची शाळा होती आणि वर्गात गारठा होता. बाकाच्या लोखंडी पायाला हात लावला की झटकन मागे घ्यावासा वाटतो, पण त्याच बाकाच्या लाकडी फळीवर आपण खुशाल हात ठेवून बसतो, असे सांगून तिने विचारले, "मॅडम, लोखंडाला थंडी जास्त लागते का?" आम्ही प्रयोगशाळेतल्या दोन तापमापी आणल्या, एक पायाला आणि एक फळीला टेकवून वरून कापूस गुंडाळला आणि दहा मिनिटे थांबलो. दोन्हींनी 16 अंश सेल्सिअस दाखवले. मग मी पुस्तकातले उत्तर दिले की लोखंड उष्णतेचे सुवाहक आहे आणि लाकूड दुर्वाहक आहे. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, परंतु त्या मुलीच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते की तिला एक शब्द मिळाला आहे, उत्तर मिळालेले नाही.

तिला काय सांगावे? आणि फारसे साहित्य नसलेल्या शाळेत करता येईल असा एखादा प्रयोग कुणी सुचवू शकेल का?

भौतिकवेडा

पाटीपेन्सिल ताई, तुम्ही तापमापी लावून पाहिलीत, हीच अर्धी वाट चालून झाली आहे. उरलेली अर्धी वाट म्हणजे मुलांना हे पटवणे की आपला हात ही तापमापी नव्हे. त्वचेखालच्या चेतातंतूंना लोखंडाचे तापमान कळत नाही, लाकडाचेही कळत नाही. त्यांना कळते ते फक्त त्वचेचे स्वतःचे तापमान आणि ते किती झपाट्याने बदलते आहे ते.

हाताच्या त्वचेचे तापमान 32 ते 33 अंशांच्या आसपास असते. 16 अंशांच्या लोखंडाला बोट टेकताच बोटातली उष्णता लोखंडात जाऊ लागते. लोखंड ती जिथल्या तिथे साठू देत नाही, आत आणि आजूबाजूला पुढे पोहोचवते, त्यामुळे बोटाखालचा लोखंडाचा भाग फारसा तापत नाही आणि बोटातून उष्णता जातच राहते. लाकडाचे तसे होत नाही. बोटाखालचा लाकडाचा अगदी पातळ थर काही क्षणांत बोटाइतका ऊबदार होतो, ती उष्णता तिथेच अडून राहते आणि मग बोटातून आणखी उष्णता जाण्याचे कारणच उरत नाही.

ढोबळ गणित करून पाहिले, तर 16 अंशांच्या लोखंडाला टेकलेल्या त्वचेचा पृष्ठभाग पहिल्या क्षणी 17-18 अंशांपर्यंत उतरतो आणि तेवढ्याच थंड लाकडाला टेकलेली त्वचा 28-29 अंशांवरच राहते. म्हणजे त्या मुलीचे बोट खोटे बोलत नाही आणि तापमापीही खोटे बोलत नाही. बोट स्वतःचे तापमान सांगते आहे, तापमापी लोखंडाचे सांगते आहे. हे वाक्य आधी फळ्यावर लिहावे आणि सुवाहक-दुर्वाहक हे शब्द त्यानंतर आणावेत, असे माझे मत आहे.

शंकासूर

सर, हे पटले. परंतु आम्हाला शाळेत असे शिकवले होते की तापलेला कण थरथरतो, शेजारच्या कणाला धक्का देतो, तो पुढच्याला देतो आणि अशी उष्णता पुढे जाते. रांगेत उभी राहिलेली मुले आपापली जागा न सोडता पुस्तक एकाकडून दुसऱ्याकडे देतात, तसे. कण तर लाकडातही आहेत आणि लोखंडातही आहेत. मग लाकडातल्या रांगेत पुस्तक अडते कुठे?

भौतिकवेडा

अगदी योग्य प्रश्न आहे. रांगेचे उदाहरण चुकीचे नाही, पण धातूच्या बाबतीत ते अपुरे आहे. धातूमध्ये प्रत्येक अणूचे काही इलेक्ट्रॉन त्या अणूला बांधलेले नसतात, ते सबंध धातूभर हिंडतात. रांग आपल्या जागी उभी आहे आणि तिच्यामधून काही चपळ मुले पुस्तके घेऊन धावत आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. धातूतल्या वहनाचा मोठा वाटा या धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा असतो. विजेचे वहनही तेच करतात, म्हणून जो धातू विजेचा उत्तम वाहक तोच सहसा उष्णतेचाही उत्तम वाहक असतो. विडेमान आणि फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1853 मध्ये दाखवून दिले की ठरावीक तापमानाला या दोन वाहकतांचे गुणोत्तर बहुतेक धातूंसाठी जवळपास सारखेच येते. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता.

लाकडात धावणारी मुले नाहीत, आणि रांगही वेडीवाकडी, जागोजागी तुटलेली आहे. लाकडाच्या पेशींमध्ये हवा भरलेली असते आणि हवेतले रेणू एकमेकांपासून दूर असल्यामुळे पुस्तक हातातून हातात जाणेच अवघड होते.

आकडे पाहिले की फरक केवढा आहे ते कळते. वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात तांब्याची वाहकता सुमारे 400, ॲल्युमिनियमची 237, शुद्ध लोखंडाची 80, स्टेनलेस स्टीलची 15, काचेची 1, पाण्याची 0.6, लाकडाची 0.1 ते 0.2 आणि स्थिर हवेची 0.026 आहे. तांबे आणि हवा यांच्यात पंधरा हजार पटींचे अंतर आहे.

हिरकणी

इलेक्ट्रॉनांच्या या नियमाला एक सुंदर अपवाद आहे आणि माझे पोट त्यावरच चालते, म्हणून सांगते. हिरा विजेचा दुर्वाहक आहे, त्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतात, तरीही खोलीच्या तापमानाला त्याची उष्णता वाहकता 2000 च्या वर जाते, म्हणजे तांब्याच्या पाचपट. कारण कार्बनचे अणू हलके आहेत, त्यांच्यातले बंध अतिशय घट्ट आहेत आणि रचना कमालीची शिस्तबद्ध आहे. शंकासूर यांच्या रांगेतली मुले इतकी जवळ आणि इतकी तयारीची आहेत की धावणाऱ्यांची गरजच पडत नाही.

आमच्या व्यवसायात खडा तपासण्यासाठी पेनासारखे एक उपकरण असते. त्याचे तापवलेले टोक खड्याला टेकवले की खडा त्यातली उष्णता किती झपाट्याने ओढून घेतो ते कळते. क्युबिक झिरकोनिया या कृत्रिम, हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या पदार्थाचा खडा लगेच उघडा पडतो. मॉयसनाइट हा हिऱ्यासारखाच दिसणारा दुसरा खडा मात्र स्वतःच चांगला वाहक असल्यामुळे या उपकरणाला फसवतो, म्हणून तिथे दुसरी तपासणी करावी लागते. जुनी माणसे खड्यावर तोंडाची वाफ सोडून ती किती लवकर उडते हे पाहत असत. त्यामागेही हेच तत्त्व आहे.

तांबेपितळ

आमच्या घराण्याचे तीन पिढ्यांचे भांड्यांचे दुकान आहे. गिऱ्हाईक विचारते की तांब्याच्या बुडाचे स्टीलचे पातेले घेतले तर गॅस वाचतो का. भौतिकवेडा सरांचे आकडे पाहिले तर तांबे स्टीलच्या पंचवीसपट वाहक आहे, म्हणजे उष्णता आत लवकर जाणार आणि गॅस वाचणारच, असे मला वाटते. आम्ही गिऱ्हाइकांना तसे सांगतही आलो आहोत.

उत्तरध्रुव

तांबेपितळ दादा, इथे थोडी असहमती नोंदवतो. मी टोरांटोमध्ये इमारतींच्या उष्णतारोधनाचे काम करतो आणि आमच्या कामात पहिला प्रश्न हा असतो की वाटेतला सर्वांत मोठा अडथळा कोणता. ज्योतीतून पातेल्यात येणाऱ्या उष्णतेला सर्वांत मोठा अडथळा बुडाला चिकटून असलेल्या वायूच्या पातळ थराचा असतो. एक मिलिमीटर जाडीच्या स्टीलचा अडथळा त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास येतो. तो आणखी कमी केला, तरी एकूण हिशेबात फरक पडत नाही. अरुंद पुलावर गाड्या खोळंबल्या असतील, तर पुलापुढचा रस्ता रुंद करून काय मिळणार?

तांब्याचा खरा उपयोग वेगळा आहे. पातळ स्टीलमध्ये उष्णता आडवी पसरत नाही, म्हणून ज्योत जिथे लागते तिथे बूड फार तापते आणि बाजूला कमी तापते. दूध आटवताना बुडाशी नेमके बर्नरच्या आकाराचे करपलेले कडे उमटते, ते याचमुळे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा जाड थर असला, की उष्णता बुडभर सारखी पसरते.

तांबेपितळ

कड्याचे उदाहरण वाचले आणि मान्य झाले. बासुंदी करणारे आचारी आमच्याकडे जाड बुडाचीच भांडी मागतात, पातळ भांडे कितीही चकाकत असले तरी त्याला हात लावत नाहीत. त्यांना हे हातानेच कळलेले आहे. यापुढे मी गिऱ्हाइकांना गॅस वाचेल असे सांगणार नाही, दूध बुडाला लागणार नाही असे सांगेन.

वाकळ

ताई, तुमच्या वर्गात गोधडी घेऊन जा. गोधडी ऊब देते असे आपण म्हणतो आणि मुलांचा खराखुरा समज असतो की ऊब गोधडीत भरलेली आहे. गोधडीत तापमापी घालून रात्रभर पेटीत ठेवली, तर सकाळी ती पेटीचेच तापमान दाखवील. गोधडी काही देत नाही. तिच्या थरांमध्ये अडकलेली हवा आपल्या अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम आहे.

मग विचारा, बर्फाचा तुकडा गोधडीत गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा? बहुतेक मुले "लवकर" असे म्हणतील. बर्फवाल्याकडे बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात का ठेवलेली असते, हे त्यांना तेव्हाच आठवू द्या. 1833 मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यातला 180 टन बर्फ जहाजात उष्णतारोधक थरांत ठेवून कलकत्त्याला पाठवला होता. जहाजाने चार महिने प्रवास केला, विषुववृत्त दोनदा ओलांडले, आणि तरीही सुमारे 100 टन बर्फ शिल्लक उरला. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईलाही आला. जी गोष्ट उष्णता बाहेर जाऊ देत नाही तीच आतही येऊ देत नाही. वहनाची दिशा वस्तू ठरवत नाही, तापमानांतला फरक ठरवतो.

मेणबत्ती

पाटीपेन्सिल ताई, धातूच्या पट्टीला मेणाने टाचण्या चिकटवून एक टोक तापवण्याचा प्रयोग तुम्ही करत असालच. मी अठ्ठावीस वर्षे तो करत आलो आणि निवृत्तीनंतर वाचन वाढल्यावर त्यातला एक दोष माझ्या लक्षात आला. एकाच पट्टीवर टाचण्या क्रमाने पडतात हे दाखवण्यासाठी तो उत्तम आहे. परंतु वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या घेऊन "ज्याची टाचणी आधी पडली तो अधिक सुवाहक" असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

टाचणी कधी पडते हे फक्त वाहकतेवर अवलंबून नाही. वाटेतला धातू तापवायलाही उष्णता लागते आणि ती किती लागते हे घनता व विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांवर ठरते. शिसे आणि लोखंड घ्या. लोखंडाची वाहकता 80, शिशाची 35, म्हणजे लोखंड दुपटीहून अधिक सुवाहक आहे. पण तेवढ्याच आकाराचे शिसे तापवायला लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी उष्णता पुरते. परिणाम असा होतो की तापमान पसरण्याचा वेग दोन्हींत जवळपास सारखाच येतो आणि सुरुवातीच्या टाचण्या मागेपुढे न होता पडू शकतात. मुले म्हणतील की दोन्ही सारखेच सुवाहक आहेत, आणि ते चुकीचे ठरेल.

इंगेनहाउझ या डच वैद्याने अठराव्या शतकात हा प्रयोग केला तेव्हा त्याची पद्धत अधिक चोख होती. त्याने सारख्या जाडीच्या तारांना मेण लावून त्यांची टोके तापलेल्या तेलात बुडवली आणि मेण किती लांबीपर्यंत वितळले ते पाहिले. सगळे स्थिरावल्यावरची लांबी मोजली, तर धातू तापवायला लागणारी उष्णता हिशेबातून निघून जाते आणि उरते ती वाहकता. लांबीचा वर्ग वाहकतेच्या प्रमाणात येतो; म्हणजे तांबे लोखंडाच्या पाचपट सुवाहक असेल, तर तांब्यावरचे मेण सव्वादोनपट लांबीपर्यंत वितळेल. आठवीच्या मुलांना वर्गमूळ येते, त्यांना हे करू द्यावे.

शंकासूर

मेणबत्ती सर, मी हा प्रयोग परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते आणि ही बाजू मला आज कळली. मनापासून आभार.

मांडवीकाठ

गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रत करणारे भाविक, होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालतात, हे अनेकांना ठाऊक असेल. त्यांचे व्रत आणि श्रद्धा यांविषयी मला पूर्ण आदर आहे आणि त्यावर इथे चर्चा नको. परंतु लहानपणापासून मला हा प्रश्न पडत आला आहे की पाय का भाजत नाही, त्यामागे वहन आहे का?

भौतिकवेडा

होय, मोठा वाटा त्याचाच आहे. निखारा म्हणजे सच्छिद्र कोळसा. तो अत्यंत तापलेला असला, तरी त्याची वाहकता कमी असते आणि त्याच्या पृष्ठभागाच्या थरात साठलेली उष्णताही थोडी असते. पाऊल अर्ध्या सेकंदासाठी टेकले की वरच्या थरातली थोडी उष्णता पायात येते आणि आतली उष्णता वर यायच्या आत पाऊल उचलले जाते. त्याच तापमानाच्या लोखंडी पत्र्यावर पाऊल ठेवले, तर तत्क्षणी गंभीर भाजेल. निखाऱ्यावरही पाऊल रेंगाळले किंवा निखारा बोटांत अडकला तर भाजतेच, आणि तशा इजा होतात. विद्यार्थी हा धागा वाचत असतील, तर त्यांनी हे कदापि करून पाहू नये.

उत्तरध्रुव

सूत्राविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने 1822 मध्ये मांडलेला नियम आपण सर्वांनी पाठ केलेला असतो: दर सेकंदाला वाहणारी उष्णता म्हणजे वाहकता गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक, भागिले जाडी. मुले त्यात आकडे घालतात आणि उत्तर आले की थांबतात. मी एकदा माझ्या भाच्याला खिडकीचे गणित घातले. काच 4 मिलिमीटर जाड, क्षेत्रफळ 1 चौरस मीटर, खोलीत 20 अंश आणि बाहेर 10 अंश. उत्तर आले 2500 वॅट. मी म्हणालो, मोठ्या हीटरएवढी उष्णता एका खिडकीतून जात असेल का? प्रत्यक्षात ती 50-60 वॅटच्या आसपास असते.

सूत्र खोटे नाही. चूक एवढीच की काचेच्या दोन बाजूंची तापमाने 20 आणि 10 नसतात. काचेला आतून आणि बाहेरून हवेचा एकेक थर चिकटलेला असतो आणि दहा अंशांपैकी जवळजवळ सगळी घसरण त्या दोन थरांतच होते. काचेच्या स्वतःच्या दोन पृष्ठभागांत अंशाच्या काही दशांशांचाच फरक उरतो. म्हणून आमच्याकडे काच जाड करत नाहीत. दोन काचा लावून मध्ये वायूचा थर बंद करतात. गोधडीचेच तत्त्व खिडकीला लावलेले आहे, असे वाकळ ताईंच्या शब्दांत म्हणता येईल.

पाटीपेन्सिल

सर्वांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आहेत. मुख्य प्रश्नाकडे परत येऊन काल काय केले ते लिहिते.

घरून थर्मासमधून बर्फाचे सारख्या आकाराचे दोन खडे नेले. एका बाजूला ॲल्युमिनियमचे जाड बुडाचे पातेले पालथे घातले, दुसऱ्या बाजूला लाकडी पोळपाट ठेवला. आधी मुलांना दोन्हींना हात लावायला सांगितले. सर्वांनी पातेले गार आणि पोळपाट ऊबदार असल्याचे सांगितले. मग विचारले, बर्फ कशावर आधी वितळेल? अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस हात पोळपाटासाठी वर झाले. खडे ठेवले. पातेल्यावरचा खडा बघता बघता पाण्यात बसू लागला आणि काही मिनिटांत संपला. पोळपाटावरचा तेव्हा जवळजवळ होता तसाच होता.

कुणी बोलेना. मग त्या मुलीनेच सावकाश सांगितले, "पातेल्याने माझ्या हातातली उष्णता ओढून घेतली म्हणून ते मला गार लागले, आणि बर्फाला स्वतःकडची उष्णता पटापट दिली म्हणून बर्फ वितळला. पोळपाट घेतही नाही आणि देतही नाही." भौतिकवेडा सर, तुमचे वाक्य मला फळ्यावर लिहावे लागले नाही.

लगेच तिचा पुढचा प्रश्न आला: वर्ग आपल्या हाताइतकाच तापला, तर लोखंड आणि लाकूड सारखेच लागतील का?

भौतिकवेडा

तिला सांगा की हा प्रश्न म्हणजे नियमाची खरी परीक्षा आहे. तापमानात फरक नसेल तर उष्णता वाहणार नाही, आणि उष्णता वाहत नसेल तर सुवाहक-दुर्वाहक हा भेद हाताला कळता कामा नये. त्याहून अधिक तापमानाला तर उलटे व्हायला हवे, लोखंड लाकडापेक्षा गरम लागायला हवे. तुमच्याकडे विदर्भात यासाठी यंत्राची गरज नाही, उन्हाळ्याची वाट पाहिली की पुरे. फक्त वस्तू सावलीत असू द्या, नाहीतर उन्हाने त्या वेगवेगळ्या तापतील.

पाटीपेन्सिल

धागा मार्चअखेर वर काढते आहे. काल दुपारी वर्गातल्या तापमापीने 34 अंश दाखवले. बाक सकाळपासून सावलीत होते, मुलांचे हात कोरडे पुसून घेतले, डोळ्यांना रुमाल बांधले आणि प्रत्येकाच्या बोटांची मागची बाजू एकदा बाकाच्या लोखंडी पायाला आणि एकदा लाकडी फळीला टेकवली. "अधिक गार काय लागले" या प्रश्नाला बावीस मुलांनी पहिली वस्तू सांगितली, एकोणिसांनी दुसरी सांगितली आणि सात जणांनी काहीच कळत नसल्याचे सांगितले. जानेवारीत याच बाकांवर एकानेही चूक केली नव्हती. मे महिन्यात शाळा बंद असते, म्हणून त्या मुलीने घरची लोखंडी कढई आणि पाट ओसरीवर ठेवून 42 अंशांची नोंद करण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे.